उसनवारीची रेघ

संक्रांतीपासून केतकीची आई सुखात होती, आणि केतकीला ते खुपत होतं.

खुपण्यासारखं वरवर काही नव्हतं. आईची, म्हणजे रंजनाबाई बोरस्त्यांची, सारी नोकरी मनमाडच्या एसटी स्टँडवर गेली. वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्यांच्या घोषणा करायच्या, वाहकांना हाका मारायच्या आणि दिवसभर हॉर्नच्या गदारोळात बसायचं. निवृत्त झाल्यावर काही वर्षांत कान गेले. दिवाळीनंतर लेकीनं त्यांना नाशिकला आणलं आणि दोन्ही कानांत 'कर्णिका' बसवून दिली. कर्णिका बनवणाऱ्या कंपनीतच केतकी नोकरीला होती. एकटी राहणारी, चाळिशीची, कामावरून आल्यावर घरात शांतता लागणारी बाई. आईला महिना-दोन महिने ठेवून घ्यायचं, कानांचं बस्तान बसलं की पाठवायचं, असा तिचा बेत होता.

पहिले काही आठवडे आई चिडचिडी होती. मग एकाएकी मऊ झाली. स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. शेजारच्या अहिरेवहिनी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या आई फार कौतुक करतात हो तुमचं. रोज सकाळी विचारता म्हणे, झोप लागली का म्हणून."

केतकी नुसती हसली. सकाळी ती विचारायची ते एवढंच, "मोटर लावली का?" तिला वाटलं, आई लोकांपुढे लेकीची लाज राखतेय. त्याचाच तिला राग आला.

त्याहून मोठा राग संक्रांतीच्या दिवसांतला होता. एका सकाळी मिक्सरमध्ये तिळाचं कूट फिरत होतं. केतकीनं आईकडे पाठ करूनच सांगून टाकलं, "दादाकडे जाऊन राहा थोडे दिवस." दादा सुरतला होता, त्याचं घर मोठं होतं, घरात माणसं होती. सांगून झाल्यावर तिनं वळून पाहिलं तर आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. त्यानंतर सुरतेचा विषय आईनं एकदाही काढला नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करते, असं केतकीनं मनाशी ठरवून टाकलं आणि पुन्हा सांगायचा तिला धीर झाला नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी आई चहा गाळता गाळता म्हणाली, "सोमवारी मनमाडला जाऊन येते. घर तुषारच्या नावावर करून टाकते. बोलणं झालंय त्याच्याशी."

तुषार हा केतकीचा चुलतभाऊ. मनमाडचं दोन खोल्यांचं घर आईनं नोकरीत असताना बांधलं होतं, आणि त्याची किल्ली ती कुणाच्या हातात देत नसे.

"कशाला?" केतकी म्हणाली.

"रिकामं ठेवून काय करू? आता इथंच राहायचं म्हटल्यावर."

"इथंच राहायचं कोण म्हणालं?"

आई हसली. "तूच की."

केतकीचा पाय दाराबाहेर होता. तिनं घड्याळ पाहिलं, "संध्याकाळी बोलू," म्हणाली आणि निघाली. पण स्कूटरवर ते 'तूच की' सारखं मागे लागलं.

ऑफिसात तिची वाट पाहत एक तक्रार बसली होती. सिन्नरजवळच्या गावातून धोंडिराम आव्हाड नावाच्या कर्णिकाधारकाला इस्पितळात ठेवलं होतं. रक्तदाब फार चढला होता. त्यांची सून फोनवर होती. आवाजात रडू नव्हतं, नुसती दमणूक होती.

"मी रोज त्यांना सांगते, जेवायच्या आधी घ्या गोळी. आणि ते म्हणतात, तू अर्धी घ्या म्हणतेस. महिनाभर अर्धीच गोळी घेतली त्यांनी. मॅडम, मी आयुष्यात अर्धी म्हटलेलं नाही. आणि त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय म्हणतात. आता घरात सगळे माझ्याकडेच बघतात."

"मी शोधते," केतकी म्हणाली. "आजच शोधते."

तिचं कामच ते होतं. जुनी श्रवणयंत्रं आवाज नुसता मोठा करायची, त्यात गोंगाटही मोठा व्हायचा. कर्णिका तसं करत नसे. भर बाजारात समोरच्याची निम्मी अक्षरं गोंगाटात बुडाली तरी आपल्याला वाक्य कळतं, कारण उरलेली अक्षरं आपला मेंदू ओळखीनं भरून काढतो. बायको काय म्हणणार, लेक काय विचारणार, हे आपल्याला साधारण ठाऊक असतं. वय झालेल्या, वर्षानुवर्षं न ऐकलेल्या मेंदूची ही सवय मोडते. कर्णिकेनं ती उचलली होती. घरातल्या माणसांचं बोलणं ती शिकायची आणि बुडालेली अक्षरं अंदाजानं भरून, त्याच माणसाच्या आवाजात, कानात सोडायची. हे इतकं झटपट व्हायचं की ऐकणाऱ्याला सांधा कळत नसे.

त्यामुळे प्रत्येकाच्या कानातला प्रोग्राम वेगळा होता. माणसांचं बोलणं बदलतं, म्हणून दर आठवड्याला तो नव्यानं बांधावा लागे. शेकडो सुटे तुकडे होते. गोंगाट गाळणारा, दिशा ओळखणारा, त्या माणसाचा कान कुठे किती गेलाय ते सांभाळणारा, आणि मोकळ्या जागा भरणारा 'पूरक'. एक तुकडा दुसऱ्यावर उभा, दुसरा तिसऱ्यावर. पूर्वी ही बांधणी लांबलचक आज्ञा लिहून करायचे. आता भिंतभर पडदा होता, त्याला सगळे 'पट' म्हणत. पटावर प्रत्येक तुकड्याची एक टिकली, आणि कोण कोणावर उभं आहे ते दाखवणाऱ्या रेघा. बांधून झालं की टिकली हिरवी, बांधणी चालू असेल तर पिवळी, कुणी थांबवली की लाल. बोटानं रेघ ओढायची, बोटानं तोडायची. पट कळायला सोपा होता आणि पाहायला देखणा होता. पाहुणे आले की त्यांना आधी तिथंच आणत.

केतकीनं आव्हाडांची टिकली पुढे ओढली. हिरवीगार. त्यांच्या 'पूरक'वर बोट ठेवलं तेव्हा तिथून एक करडी रेघ निघालेली दिसली. ती उसनवारीची रेघ होती.

उसनवारीत वावगं काही नव्हतं. एखाद्या तुकड्यात मागच्या वेळेसारखंच सगळं असेल तर तो पुन्हा बांधण्यात अर्थ नसतो, जुनाच उचलायचा. कुणाशी तंतोतंत जुळत असेल तर त्याचा उचलायचा. पण कर्णिका घालणारी माणसं लाखावर गेली, बांधणी करणारी यंत्रं अपुरी पडायला लागली, आणि पटाच्या नव्या आवृत्तीत कोपऱ्यात एक सरकपट्टी आली. 'तंतोतंत' पासून 'जवळपास' पर्यंत. डिसेंबरच्या शेवटी वरच्यांनी ती थोडी 'जवळपास'कडे सरकवली. बांधणी निम्म्या वेळात व्हायला लागली आणि सगळे खूश झाले.

आव्हाडांची रेघ कराडच्या एका घरात जात होती. नाव दिसत नव्हतं, फक्त क्रमांक आणि गाव. त्या घरातून मात्र करड्या रेघांचा झुबकाच निघाला होता. कितीतरी घरांनी कराडचं 'पूरक' उसनं घेतलं होतं. केतकी एकेक क्रमांक पाहत गेली आणि एका क्रमांकावर तिचं बोट थांबलं. तो तिनं स्वतः नोंदवला होता. तो तिच्या आईचा होता.

तिनं मग चाचणीची खिडकी उघडली, आईचा प्रोग्राम तिथं चढवला आणि पार्श्वभूमीला मिक्सरचा आवाज लावला. दार लोटून घेऊन ती माइकसमोर, संक्रांतीला बोलली होती तशीच, तोंडातल्या तोंडात बोलली.

"दादाकडे जाऊन राहा थोडे दिवस."

हेडफोनमध्ये तिचाच आवाज आला. स्वच्छ, जवळचा, आणि तिच्या आवाजात तिनं कधी न ऐकलेला एक ओलावा घेऊन.

"माझ्याकडेच येऊन राहा आता कायमची."

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. मग "मोटर लावली का" म्हणून पाहिलं. हेडफोन तिला म्हणाला, "झोप लागली का?"

कराडात कुणीतरी लेक होती. ती आईला रोज झोपेचं विचारत होती, माझ्याकडे येऊन राहा म्हणत होती, आणि बहुधा रोज अर्धी गोळी मोडून तिच्या हातावर ठेवत होती. तिचं बोलणं केतकीच्या आवाजात केतकीच्या आईला ऐकू जात होतं.

बांधणी विभागाचा प्रमुख निखिलेश दाणी दुपारी पटासमोर येऊन उभा राहिला. केतकीनं त्याला झुबका दाखवला. तो एकेक रेघ बोटानं मोजत गेला.

"आव्हाडांची रेघ तोड. त्यांचं नव्यानं बांध," तो म्हणाला. "सुनेला मी स्वतः फोन करतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांची तक्रार आहे का?"

"त्यांना कळलं तर करतील ना. चुकीचं ऐकू येतंय हे ऐकणाऱ्याला कसं कळणार?"

"केतकी, सगळी उसनवारी एकदम तोडलीस तर सगळं नव्यानं बांधायला दीड दिवस जाईल. तेवढ्या वेळात लाखभर लोकांच्या कानात पूरक नसेल. म्हातारी माणसं आहेत. कुणी रस्त्यात असेल, कुणी बँकेत. अर्धंमुर्धं ऐकू येऊन घाबरतील. पुढच्या आठवड्यात पट्टी हळूहळू मागे घेऊ. गाजावाजा नको."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. केतकीनं आव्हाडांची रेघ बोटानं तोडली. टिकली पिवळी झाली. झुबक्यात आईची रेघ तशीच होती. तिथवर बोट नेऊन तिनं मागे घेतलं. आईला सुख देणारी एवढी एकच गोष्ट आपल्या घरात आहे, आणि ती आपली नाही, हे तिला तिथं उभं राहून कळत होतं.

संध्याकाळी ती लवकर घरी आली. आई थालीपीठं लावत होती, डोक्यावर पंखा घरघरत होता. केतकीनं पिशवी टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "आई, मनमाडचं घर राहू दे."

आईनं तव्यावरून नजर न काढता मान हलवली. "हो गं, जाऊच देतेय. तुझ्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं. मनात जरा धाकधूक होती."

केतकी टेबलाशी बसली. आपण तिला घर ठेव म्हणालो आणि तिला जाऊ दे ऐकू आलं. पंखा बंद करून, समोर बसवून, मोठ्यानं सांगता आलं असतं. कागदावर लिहूनही देता आलं असतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. झोपेचं, सुरतेचं, संक्रांतीला आलेल्या त्या पाण्याचं. तिनं थालीपीठ खाल्लं. आई मधूनमधून काही विचारत होती आणि केतकी उत्तराला तोंड उघडायला घाबरत होती. आपलं कुठलं वाक्य काय होऊन तिच्याकडे पोचेल, याचा भरवसा राहिला नव्हता. नुसती मान हलवून तिनं वेळ काढली. अशीच मान हलवत, किंवा न हलवता, किती घरांत आज जेवणं चालली असतील, हा विचार मात्र डोक्यातून जाईना.

शनिवारी सकाळी ऑफिसात दोघंतिघंच होते. केतकी सरळ पटाशी गेली. एखादी टिकली लाल केली की ती परत हिरवी करायला दोघांची संमती लागे. लाल करायला मात्र एक बोट पुरत होतं. तिनं सरकपट्टी ओढून 'तंतोतंत'वर आणली आणि सगळ्यांची पूरकं ज्याच्यावर उभी होती त्या मूळ 'पूरक'वर बोट दाबून धरलं. भिंतीवरचा सगळा हिरवा रंग मधोमध फाटावा तशी लाली पसरत गेली.

निखिलेशचा फोन लगेच आला.

"तुला सांगितलं होतं मी."

"हो."

"मग?"

"माझी आई सोमवारी तिचं घर देऊन टाकणार आहे, निखिलेश. मी तसं म्हणाले असं तिला वाटतंय. मी काल तिला थांबवायला गेले तर तेही उलटंच ऐकू आलं. आपल्याला आव्हाड दिसले कारण ते इस्पितळात पोचले. बाकीचे दिसणारच नाहीत."

तो मग म्हणाला, "लोकांना आधी सूचना गेली पाहिजे. नुसतं तोडून चालणार नाही. मी येतो. तोवर मजकूर तयार ठेव. सोपा ठेव."

तो आला. तो रागावलेला होता आणि दिवसभर रागावलेलाच राहिला, पण पटासमोरून हलला नाही. दुपारपर्यंत लाखभर कानांत एक सावकाश आवाज बोलून गेला. काही शब्द तुमच्या यंत्रानं चुकीचे भरले असण्याची शक्यता आहे. उद्या संध्याकाळपर्यंत यंत्र अंदाज करणार नाही. समजलं नाही तर पुन्हा विचारा. औषधांबद्दल जरूर पुन्हा विचारा.

फोन खणखणत राहिले. चिडलेले होते, घाबरलेले होते, एक आजोबा नुसतेच "हॅलो, हॅलो" म्हणत होते. संध्याकाळी केतकी घरी पोचली तेव्हा आई गॅलरीत बसून होती. "आज कुणाचंच धड कळत नाही," एवढं म्हणाली आणि आत निघून गेली.

रविवारी सकाळी केतकीनं टॅब्लेटवर पट उघडला. तो पुन्हा हिरवा होत आला होता. आव्हाड हिरवे होते, आणि सुनेचा निरोप होता, रक्तदाब उतरला, उद्या घरी सोडणार. कराडची टिकली तर सगळ्यांत आधी हिरवी झाली होती. तिनं आईचा क्रमांक शोधला. ती पिवळी होती. बराच वेळ झाला तरी पिवळीच. तिनं त्यावर बोट ठेवलं. पटानं कारण दाखवलं. 'जवळच्या व्यक्तीचं बोलणं अपुरं. तुकडा बांधता येत नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं. घरात दिवसभरात चार वाक्यं बोलली जात होती. त्यातून शिकण्यासारखं यंत्राला काही मिळालं नव्हतं. वेगळेपणा दिसावा इतकं बोलणंच नव्हतं, म्हणून हे घर कुणाच्याही घराशी जवळपास जुळत होतं. आव्हाडांचा मुलगा आणि सून दिवसभर कामावर असत, तिथंही तेच झालं असणार.

तिनं टॅब्लेट ठेवला, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि आईसमोर खुर्ची ओढून बसली.

तिनं सगळं सांगितलं, सावकाश, तोंड नीट उघडून. जिथं आई "काय?" म्हणाली तिथं परत सांगितलं. रंजनाबाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"मग संक्रांतीला तू काय म्हणाली होतीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"जाऊ दे ना ते."

"नाही, सांग. मला ऐकू दे."

केतकीला ते वाक्य मिक्सरच्या आवाजात सोपं गेलं होतं. आता शांततेत तिला ते एकेक शब्द करून म्हणावं लागलं. "दादाकडे जाऊन राहा थोडे दिवस, असं म्हणाले होते."

आईनं मान खाली घातली. मग पदरानं चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिली.

"आणि झोपेचं?"

"ते मी नाही. मी मोटरचं विचारत होते."

"ती कोण मग? विचारणारी?"

"माहीत नाही. कराडला कुणीतरी आहे."

"चांगली आहे बिचारी," आई म्हणाली. मग चष्मा लावून म्हणाली, "मला कशाला आणलंस मग इथं?"

"कानांसाठी."

"कान झाले. मला तेव्हाच सांगायचं होतंस, जा आता म्हणून. मी काय गळ्यात पडणार होते?"

"सांगितलं होतं. तुला ऐकू आलं नाही."

"पाठ करून सांगतात का असं?"

तिथून भांडण सुरू झालं. ते बाबांच्या आजारपणापर्यंत मागे गेलं, दादाच्या लग्नापर्यंत गेलं. केतकी लहान असताना आई संध्याकाळच्या पाळीला जायची आणि शेजारणीकडे तिला जेवावं लागायचं, तिथपर्यंत गेलं. केतकी म्हणाली, मला घरात कुणी असलं की कोंडल्यासारखं होतं, त्यात तुझा दोष नाही. आई म्हणाली, दोष नाही तर तोंड का लपवतेस. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना ते तेवढं धारदार राहत नव्हतं. मध्येच कुणी तरी कुकर लावला. जेवणं झाली, आणि जेवतानाही ते थांबलं नाही.

"सोमवारी मी मनमाडला जाणारच," आई म्हणाली. "पण तुषारला नाही म्हणून सांगायला. सुरतेला नाही जायची मी. माझ्या घरी राहीन."

"एकटी?"

"तू नाही का राहत?"

केतकीनं उत्तराला तोंड उघडलं आणि टेबलावर फोन थरथरला. तिनं पाहिलं. आईची टिकली हिरवी झाली होती.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"तुझं पूरक बांधून झालं. आपल्या घरचं. कानात चढवू?"

रंजनाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "नंतर चढव सावकाश. आधी तू काय म्हणत होतीस ते पुरं कर."

"मी म्हणत होते," केतकी म्हणाली, आणि आई पुढे झुकल्यावर पुन्हा म्हणाली, "मी म्हणत होते, मी येत जाईन तिकडे. दर आठवड्याला नाही जमणार."

"किती?"

"दर आठवड्याला नाही. जमेल तसं."

"बरं," आई म्हणाली. "ऐकू आलं."